कोर्स संपला तरी कोड लिहिता येत नाही? नोकरीसाठी पहिली प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकायचा नीट क्रम

पन्नास तासांचा व्हिडिओ कोर्स पूर्ण, सर्टिफिकेट हातात, वहीभर नोट्स, आणि इंटरव्ह्यूत समोरचा म्हणतो या लिस्टमधला दुसरा सगळ्यात मोठा नंबर काढून दाखवा, की झालं, हात थिजतात. हे इतक्या फ्रेशर लोकांचं बघितलंय की आता पाच मिनिटांत कळतं गाडी कुठे अडलीय. कोर्स बहुतेक वेळा ठीकच असतो, पण शिकताना रिकाम्या फाइलसमोर एकटं बसायची वेळच आलेली नसते, दुसऱ्याचा कोड बघून मान डोलवायची फक्त सवय झालेली असते. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यानंतर एकच परीक्षा ठेवलीय: सगळं बंद करा, रिकामी फाइल उघडा, लिहा. जमलं तर पुढे जा, नाही जमलं तर तिथेच थांबा.

उदाहरणं पायथनची आहेत, पण क्रम कुठल्याही लँग्वेजला तोच. आणि कोडमधले शब्द इथे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.

## टप्पा १: आधी काम ठरवा, मग लँग्वेज

लोक उलटं करतात. "सध्या कुठली लँग्वेज चालते" विचारतात, दहा जण दहा नावं सांगतात, आणि तिसऱ्या आठवड्यात पायथन सोडून जावा, जावा सोडून जावास्क्रिप्ट. ही धरसोड सगळ्यात महाग पडते, कारण दर वेळी व्हेरिएबल (किंमत ठेवायचं नाव) आणि लूप (तेच काम परत परत करणं) इथपर्यंतच पोचता आणि परत पाटी कोरी.

असं करा. तुम्हाला ज्या प्रकारचं काम हवंय त्याच्या फ्रेशर किंवा ज्युनिअर लेव्हलच्या २० जाहिराती उघडा, कागदावर प्रत्येकीत मागितलेल्या गोष्टींच्या रेघा मारत जा. अर्ध्या तासाचं काम आहे. साधारण चित्र असं निघतं:

- वेबसाइटचा दिसणारा भाग, म्हणजे फ्रंटएंड: जावास्क्रिप्ट. ब्राउझरला तीच कळते त्यामुळे इथे चॉइस नाहीच. एचटीएमएल आणि सीएसएस सोबत लागतात, पण ती शिकली म्हणजे प्रोग्रॅमिंग आलं असं धरू नका, त्यात लूपही नसतो.
- डेटा, रिपोर्टिंग, ऑटोमेशन, टेस्टिंगच्या स्क्रिप्ट: पायथन, आणि सोबत एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा.
- मोठ्या सिस्टीमचं बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवर चालणारा, न दिसणारा भाग: जावा खूप ठिकाणी, सी शार्प काही ठिकाणी.
- अँड्रॉइड ॲप: कॉटलिन.
- मशीनच्या आतलं, एम्बेडेड: सी, सी प्लस प्लस.

अजूनही ठरत नसेल तर पायथन घ्या, लिहायला कमी लागतं. पण कॉलेजात जावाचे दोन सेमिस्टर झाले असतील तर ते टाकून परत शून्यापासून सुरू करू नका, जावाच पक्की करा. फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा), लूप, लिस्ट (क्रमाने लावलेली यादी), डिक्शनरी (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या) एका लँग्वेजमध्ये हाताला बसलं की दुसरी काही आठवड्यांत पकडता येते.

सावधान: ठरलं की तीन महिने दुसऱ्या लँग्वेजचा एकही व्हिडिओ नाही. तारीख लिहून भिंतीवर लावा हवं तर.

## टप्पा २: मशीन तयार करा (एक दिवस, जास्त नाही)

कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप लागेल, जुना असला तरी चालेल. मोबाइलवर वाचता येतं, लिहायची सवय लागत नाही.

पायथन त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये पाथमध्ये (कमांड कुठे शोधायची त्या यादीत) ॲड करायची टिक दिसली तर ती करा, घाईत नेक्स्ट-नेक्स्ट करणारे इथेच फसतात आणि मग कमांड टाइप केली की एकतर "ओळखत नाही" असा मेसेज येतो नाहीतर भलतंच स्टोअर उघडतं. मॅक आणि लिनक्सवर कमांड बहुधा "पायथन३" अशी द्यावी लागते. एडिटर म्हणून व्हीएस कोड पुरतो. थीम, फाँट, पंचवीस एक्स्टेन्शन यात दोन दिवस घालवणारे लोक माहितीयत मला, मीही त्यातलाच होतो.

मग बारीक गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही आणि ज्यांच्यापायी पहिला आठवडा जातो:

- एक साधा फोल्डर करा, नावात स्पेस नको, डाउनलोड्समध्ये नको.
- फाइलचं नाव "रँडम" किंवा "मॅथ" ठेवू नका. रँडम इम्पोर्ट केलं की पायथन स्वतःच्या मॉड्यूलऐवजी (तयार कोडच्या फाइलऐवजी) तुमचीच फाइल उचलू शकतो आणि मग अमुक फंक्शनच नाही असा एरर येतो. एका मुलीचे यात चार तास गेले, कोड बरोबर होता, नाव चुकलं होतं.
- रन करण्याआधी सेव्ह. व्हीएस कोडमध्ये फाइलच्या टॅबवर गोल ठिपका दिसतोय म्हणजे सेव्ह झालेलं नाही, आणि तुम्ही जुनाच कोड परत परत चालवताय.
- ट्युटोरियलमध्ये प्रिंट कंसाशिवाय लिहिलेलं दिसलं तर ते पायथन २ चं आहे. त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तो व्हिडिओ सोडून द्या.
- एआयचं आपोआप कोड पूर्ण करणारं फीचर बंद करा. पहिले दोन-तीन महिने तरी. नोकरीत वापराल, खुशाल वापरा, पण आत्ता ते वाक्य पूर्ण करून देतंय म्हणजे तुमचा हात बसत नाहीये. झालेला एरर समजावून घ्यायला विचारलं तर हरकत नाही, "लिहून दे" म्हणायचं नाही.

तपासा: टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून पायथनचं व्हर्जन दिसतंय का? नवीन फाइल करून, स्वतःचं नाव छापून, टर्मिनलमधून रन करता येतंय का? आता मुद्दाम एक कंस काढा आणि एरर बघा. तो आला की मशीन तयार.

## टप्पा ३: पाया, याच क्रमाने

व्हेरिएबल आणि टाइप, मग इनपुट, मग इफ-एल्स, मग लूप, मग फंक्शन, मग स्ट्रिंग, लिस्ट, डिक्शनरी, सेट, मग फाइल वाचणं-लिहिणं, मग एरर पकडणं. क्लास आणि ऑब्जेक्ट सगळ्यात शेवटी (जावा घेतली असेल तर ते आधी येतं, इलाज नाही). रोज दोन तास देत असाल तर याला सहा आठवडे धरा, कमी लागले तर चांगलंच.

रोजची पद्धत महत्त्वाची. वीस मिनिटं बघा किंवा वाचा. मग ते बंद करा, पॉज नाही, बंद. रिकाम्या फाइलमध्ये तेच लिहा. अडलात तर उघडून बघा, परत बंद करा, आणि पूर्ण फाइल पुसून पहिल्यापासून लिहा. मग त्यात काहीतरी बदला: लूप उलटा चालवा, दोन नंबरांऐवजी तीन घ्या. आणि रन दाबण्याआधी आउटपुट काय येणार ते कागदावर लिहा, अंदाज चुकला तर तिथेच खरं शिकायचं असतं. कॉपी-पेस्ट पूर्ण बंद, स्वतःच्या जुन्या फाइलमधूनही नको.

आता ज्या चुका जवळजवळ सगळ्यांच्या होतात त्या.

इनपुट नेहमी स्ट्रिंग देतं. युजरने ५ आणि ७ टाइप केले, तुम्ही बेरीज केली, उत्तर ५७. कारण दोन्ही अक्षरं आहेत, नंबर नाहीत. आधी "इंट" मध्ये बदला. आणि युजरने १२.५ टाइप केलं तर "इंट" एरर देईल, तिथे "फ्लोट" लागेल.

रेंजचा शेवटचा आकडा येत नाही. रेंज(१, १०) म्हणजे १ ते ९. लिस्टमधलं मोजणं शून्यापासून, म्हणजे पाच गोष्टींच्या लिस्टमधली शेवटची चार नंबरला. एकाने चुकणं हा प्रकार अनुभवी लोकांकडूनही होतो, म्हणून लूप लिहिला की पहिली आणि शेवटची फेरी हाताने करून बघायची सवय लावा.

एक बरोबर आणि दोन बरोबर. "=" म्हणजे ठेवा, "==" म्हणजे सारखं आहे का विचारा. जावास्क्रिप्टवाल्यांनी तीन बरोबरचं "===" वापरावं, दोनवालं टाइप आपणहून बदलून तुलना करतं आणि भलतेच निकाल देतं.

प्रिंट आणि रिटर्न. इथे जरा थांबतो कारण नव्वद टक्के गोंधळ माझ्या मते इथेच आहे. बेरीज नावाचं फंक्शन लिहिलं, आत उत्तर प्रिंट केलं, स्क्रीनवर १२ दिसलं, वाटलं झालं. मग लिहिलं "एकूण = बेरीज(५, ७)" आणि पुढच्या ओळीत "एकूण + १", आणि पायथन म्हणतो "नन" मध्ये, म्हणजे "काहीच नाही" मध्ये, १ मिळवता येत नाही. प्रिंट म्हणजे खिडकीतून ओरडून सांगणं, ऐकणाऱ्याने ऐकलं, हातात काही आलं नाही. रिटर्न म्हणजे वस्तू हातात देणं, ती पुढे कुठेही वापरा. इंटरव्ह्यूतले आणि प्रॅक्टिस साइटवरचे प्रश्न बहुतेक रिटर्नच मागतात, आणि प्रिंट करणाऱ्याचं उत्तर बरोबर असूनही चूक ठरतं. म्हणून एक नियम पाळा: फंक्शन हिशोब करून रिटर्न करेल, छापायचं काम बाहेर.

याचाच भाऊ म्हणजे "लिस्ट = लिस्ट.सॉर्ट()". सॉर्ट जागच्या जागी लावतं आणि "नन" परत देतं, त्यामुळे या ओळीनंतर तुमची लिस्ट गायब. स्ट्रिंगचं बरोबर उलटं, "नाव.अप्पर()" नुसतं लिहिलं तर नाव बदलत नाही, निकाल परत ठेवून घ्यावा लागतो.

लिस्टची कॉपी झालीच नाही. "बी = ए" लिहिलं म्हणजे दुसरी लिस्ट तयार झाली असं नाही, एकाच लिस्टला दोन नावं झाली. बीमध्ये काही टाकलं की एमध्येही दिसणार. वेगळी हवी तर "ए.कॉपी()". आणि ज्या लिस्टवरून लूप फिरतोय त्यातूनच गोष्टी काढू नका, मधल्या काही गोष्टी तपासायच्याच राहून जातात, आणि हे कधी दिसतं कधी नाही म्हणून आणखी वैताग.

दशांशाचंही एक: ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं. तुमची चूक नाही, कॉम्प्युटर दशांश बायनरीत ठेवतो म्हणून. हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये दोन फ्लोट "==" ने तपासायचे नाहीत एवढं लक्षात ठेवा.

तपासा (हे न जमता पुढे जाऊ नका): रिकाम्या फाइलमध्ये, काहीही न बघता, एका तासात: एक टेक्स्ट फाइल वाचा, तिच्यातला प्रत्येक शब्द किती वेळा आला ते मोजा, आणि सगळ्यात जास्त आलेले पाच छापा. यात फाइल, स्ट्रिंग, लूप, डिक्शनरी, सॉर्टिंग, फंक्शन सगळं येतं. पहिल्यांदा दीड तास लागला तर घाबरू नका, दोन दिवसांनी परत करा.

## टप्पा ४: एरर वाचायला शिका

नवीन माणूस लाल अक्षरं दिसली की न वाचता कोड बदलायला लागतो. इथे कंस, तिथे कॉमा, चाललं तर चाललं. आणि चाललं की का चाललं ते माहीत नसतं.

पायथनचा एरर खालून वर वाचायचा. शेवटच्या ओळीत प्रकार आणि कारण असतं, त्याच्या वर फाइल आणि ओळीचा नंबर. नेहमीचे प्रकार मोजकेच आहेत:

- नेम एरर: नाव चुकीचं टाइप केलंय किंवा तयार करण्याआधीच वापरलंय.
- टाइप एरर: दोन न जुळणारे टाइप, म्हणजे स्ट्रिंग अधिक नंबर, किंवा "नन" हातात आलंय (रिटर्न विसरलात का?).
- इंडेक्स एरर: लिस्टच्या बाहेर गेलात.
- की एरर: डिक्शनरीत ती की नाही.
- इंडेंटेशन एरर: डावीकडची मोकळी जागा सारखी नाही, बहुधा टॅब आणि स्पेसची भेसळ.
- सिंटॅक्स एरर: लिहिण्याचा नियम मोडला. दाखवलेली ओळ बरोबर दिसत असेल तर तिच्या वरची बघा, उघडा राहिलेला कंस तिथे असू शकतो.

एरर न येता उत्तर चुकतंय हा खरा त्रास. तेव्हा कोडच्या मधोमध व्हेरिएबल छापा. तिथपर्यंत बरोबर असेल तर चूक खालच्या अर्ध्यात, नसेल तर वरच्या. परत अर्धं करा. दोनशे ओळींत सात-आठ खेपेत चूक सापडते. नंतर व्हीएस कोडचं डीबगर शिका, ब्रेकपॉइंट (कोड थांबायची जागा) लावून एकेक ओळ चालवता येते. एक संध्याकाळ लागते त्याला आणि गंमत म्हणजे दोन-दोन वर्षं काम करणारेही ते टाळतात.

कोणाला विचारायची वेळ आलीच तर "कोड चालत नाहीये" एवढंच लिहून मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवू नका. दहा ओळींचा छोटा कोड, काय अपेक्षित होतं, काय आलं, पूर्ण एरर टेक्स्टमध्ये. अर्ध्या वेळा हे लिहितानाच चूक सापडते.

## टप्पा ५: प्रश्न सोडवायची पद्धत

इथे लोक आकड्यांच्या मागे लागतात. पाचशे प्रश्न सोडवले म्हणतात, म्हणजे पाच मिनिटं बघितलं, उत्तर उघडलं, "अच्छा" म्हटलं, पुढचा. तसे पाचशे करण्यापेक्षा स्वतःच्या हाताने सत्तर-ऐंशी करा.

सुरुवातीचा तो दुसरा मोठा नंबरच घेऊ. कीबोर्डला हात लावू नका, आधी कागद. लिस्ट [४, ९, ९, २]. उत्तर काय, ९ की ४? प्रश्नात सांगितलेलं नाही, म्हणजे विचारायला पाहिजे. समजा वेगळा दुसरा हवाय, उत्तर ४. आता त्रासदायक केस लिहा: लिस्टमध्ये एकच नंबर, लिस्ट रिकामी, सगळे सारखे, सगळे ऋण. ही यादी कोडच्या आधी.

सोपा मार्ग: सेट करून डुप्लिकेट काढा, सॉर्ट करा, शेवटून दुसरा घ्या, दोनपेक्षा कमी उरले तर "नन" द्या. झालं, हे चालणारं उत्तर आहे, हे आधी लिहा. मग सुधारा: एकाच फेरीत दोन व्हेरिएबल, पहिला आणि दुसरा. नवीन नंबर पहिल्यापेक्षा मोठा असेल तर जुना पहिला दुसऱ्यात सरकवा, नवा पहिल्यात ठेवा. नाहीतर तो पहिल्याएवढा नसेल आणि दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर दुसऱ्यात. इथे सगळ्यात कॉमन चूक म्हणजे दोघांची सुरुवात शून्याने करणं. लिस्ट [-५, -२, -८] असेल तर शून्यापेक्षा मोठा कोणी नाहीच, आणि प्रोग्रॅम उत्तर म्हणून शून्य देतो जो लिस्टमध्येच नाही. सुरुवात "नन" ने करा आणि तशी तपासणी ठेवा. मग ती कागदावरची प्रत्येक केस हाताने फिरवा, प्रत्येक फेरीला दोन्ही व्हेरिएबलची किंमत लिहीत.

एवढं एका प्रश्नावर चाळीस मिनिटं घेतं, घेऊ दे. अडलात तर अर्धा तास प्रयत्न, मग उत्तर वाचा, बंद करा, लिहा, आणि तीन दिवसांनी तोच प्रश्न परत. तीन दिवसांनी जमला तरच मोजा.

विषय: स्ट्रिंग, लिस्ट, डिक्शनरीने मोजणं, दोन टोकांकडून चालणं, सॉर्टिंग, बायनरी सर्च (दर वेळी अर्धा भाग सोडून शोधणं), स्टॅक, थोडं रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं). ग्राफ आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंग पहिल्या नोकरीसाठी सगळीकडे विचारत नाहीत, तुमच्या त्या २० जाहिराती बघून ठरवा. बिग-ओ, म्हणजे डेटा वाढला की काम किती वाढतं याचं माप, मात्र बोलता आलं पाहिजे: दहा लाख नावांच्या लिस्टमध्ये एक नाव शोधायला वाईटात वाईट दहा लाख तुलना, लिस्ट सॉर्ट केलेली असेल तर बायनरी सर्चने साधारण २०, आणि सेटमध्ये असेल तर सरासरी जवळजवळ लगेच. एवढं समजावून सांगता आलं तरी पुष्कळ.

## टप्पा ६: एसक्यूएल आणि गिट

हे "नंतर बघू" मध्ये जातं आणि इंटरव्ह्यूत नेमकं हेच विचारतात.

एसक्यूएलसाठी वेगळा सर्व्हर लावायची गरज नाही, पायथनसोबत एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं मॉड्यूल येतं. सिलेक्ट, व्हेअर, ऑर्डर बाय, ग्रुप बाय, हॅविंग, इनर जॉइन, लेफ्ट जॉइन, एवढं पक्कं करा. दोन सापळे: नल (रिकामी किंमत) असलेल्या ओळी "= नल" लिहून सापडत नाहीत, "इज नल" लागतं. आणि लेफ्ट जॉइन करून खाली व्हेअरमध्ये उजव्या टेबलच्या कॉलमवर "= अमुक" अशी अट टाकली की न जुळलेल्या ओळी गळतात, म्हणजे तो इनर जॉइनच झाला. अशी अट ऑनमध्ये घालायची.

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. त्यात ॲड, कमिट (बदल नोंदवणं), पुश, ब्रँच, मर्ज पुरे. कमिटचा मेसेज "फायनल", "फायनल२" असा नको, काय बदललं ते लिहा.

सावधान: पासवर्ड किंवा एपीआय की (दुसरी सेवा वापरायची गुप्त किल्ली) कधीही कमिट करू नका. पुढच्या कमिटमध्ये पुसली तरी जुन्या इतिहासात ती राहतेच. चुकून गेलीच तर पुसत बसण्याआधी ती की रद्द करून नवीन घ्या.

## टप्पा ७: एक प्रोजेक्ट, पण पूर्ण

दहा अर्धवट प्रोजेक्टपेक्षा एक चालणारा बरा. व्हिडिओ बघून केलेला टू-डू ॲप किंवा कॅल्क्युलेटर समोरच्याने शेकडो वेळा बघितलेला असतो, आणि "हे बदलून असं करा" म्हटलं की तुमची पंचाईत. स्वतःच्या कटकटीतून निवडा. उदाहरणार्थ कोणाला कुठलं पुस्तक वाचायला दिलं आणि कधी दिलं याची नोंद.

पहिली आवृत्ती टर्मिनलमधली, डेटा साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (रकाने कॉमाने वेगळे केलेली टेक्स्ट फाइल). ती पूर्ण चालली की दुसरी, डेटा एसक्यूलाइटमध्ये. मग तिसरी, फ्लास्क (पायथनचं वेबसाठीचं छोटं फ्रेमवर्क) वापरून साधं वेब पेज. प्रत्येक आवृत्ती स्वतःच्या पायावर उभी असली पाहिजे, म्हणजे मध्येच सोडावं लागलं तरी दाखवायला काहीतरी आहे. लोक लॉगिन पेजच्या डिझाइनपासून सुरू करतात आणि तिथेच दमतात.

मग ती मोडायचा प्रयत्न करा. रिकामं नाव टाका, ३१ फेब्रुवारी टाका, एकाच नावाची दोन माणसं टाका, एकदा परत आलेलं पुस्तक पुन्हा परत आलं म्हणून नोंदवा. जिथे कोसळेल तिथे दुरुस्त करा आणि त्याची नोंद ठेवा, कारण "या प्रोजेक्टमध्ये अवघड काय गेलं" हा प्रश्न येणारच, आणि याचं खरं उत्तर तुमच्याकडे असेल.

मी माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये डेटा फाइलचा माझ्या मशीनवरचा पूर्ण पत्ता कोडमध्येच लिहिला होता. घरी मस्त चालायचा. दाखवायला दुसऱ्याच्या लॅपटॉपवर नेला आणि पहिल्याच ओळीला फाइल सापडत नाही, दहा माणसं बघतायत. त्या दिवसापासून ही खालची परीक्षा.

तपासा: रीडमी फाइल लिहा: हे काय करतं, कसं चालवायचं, काय अजून नाही. लागणाऱ्या पॅकेजची यादीही फाइलमध्ये द्या, आणि पॅकेज व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (या प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या जागेत) टाका म्हणजे ती यादी खरी राहते. आता एखाद्या मित्राला फक्त लिंक द्या, तोंडाने एक शब्द सांगू नका. त्याच्या मशीनवर चाललं तर प्रोजेक्ट झाला.

## टप्पा ८: अर्ज आणि इंटरव्ह्यू

अर्ज कधी सुरू करायचे? प्रोजेक्टची दुसरी आवृत्ती चालली की. "सगळं शिकून मग" म्हणणारे वर्षभर शिकतच राहतात. रोज दोन तास धरले तर इथपर्यंत यायला माझ्या अंदाजाने पाच-सहा महिने, तीन महिन्यांत गॅरंटी देणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. आणि नोकरीसाठी आधी पैसे भरा, डिपॉझिट द्या म्हणणारा कोणीही असो, तिथून निघा.

रेझ्युमे एक पान. स्किल्समध्ये तेच लिहा ज्यात आत्ता रिकाम्या फाइलमध्ये वीस ओळी लिहू शकता. शोभेला सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, आर अशी माळ लावली की समोरचा नेमकं आर वरच बोट ठेवतो. प्रोजेक्टखाली दोन ओळी: काय करतो, तुम्ही काय केलं, आणि लिंक. लिंक उघडते का ते दुसऱ्या ब्राउझरमध्ये लॉगिन न करता बघा, खाजगी राहिलेल्या रिपॉझिटरीज (ऑनलाइन ठेवलेले कोडचे फोल्डर) मी ढिगाने बघितल्यात.

इंटरव्ह्यूत कोड लिहायला सांगितला तर क्रम असा: प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत सांगा, एक उदाहरण घ्या, शंका विचारा (डुप्लिकेट असतील का? लिस्ट रिकामी असू शकते का?), साधं उत्तर तोंडी सांगा, मग लिहा, मग उदाहरण फिरवून दाखवा, आणि शेवटी वेगाबद्दल बोला. गप्प बसून पंधरा मिनिटं टाइप करणं सगळ्यात वाईट, तुम्ही विचार करताय की अडकलाय हे समोरच्याला कसं कळणार. याची प्रॅक्टिस घरी मोठ्याने बोलत करायची, साध्या नोटपॅडमध्ये, जिथे कोड रंगीत दिसत नाही आणि कंस आपोआप बंद होत नाही. घरचे बघतील विचित्र नजरेने, बघू दे. एखादी गोष्ट माहीत नसेल तर "हे मी वापरलेलं नाही, पण मला वाटतं असं असावं" म्हणा, थापा दुसऱ्याच प्रश्नाला उघड्या पडतात.

बाहेर पडलात की त्याच संध्याकाळी विचारलेले सगळे प्रश्न आठवून लिहून काढा, दुसऱ्या दिवशी अर्धे विसरतात. आणि जो अडला होता तो, उत्तर न शोधता, रिकाम्या फाइलमध्ये परत सोडवायला घ्या.